झिऱ्यावरचा पाहुणा

सालईटोला, खाप्याच्या पुढे
१९ एप्रिल

आत्या, जय भीम.

खरं सांगतो, हे पत्र मी होळीपासून लिहून राहिलो. कागद आणला तर पेन नाही, पेन सापडला तर त्याच्यात शाई नाही. दोन्ही जमलं त्या दिवशी वांदरानं कागद पळवला. झाडावर बसून त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला, जसं काही त्याच्याच घरून पत्र आलं, अन् मग खाऊन टाकला. त्यात मी तुझी माफी मागितली होती, न सांगता निघून आलो म्हणून. म्हणजे माफी मागून झाली आहे. पोचली नाही, एवढंच.

फोन तुले ऐकू येत नाही, अन् इथं रेंज येत नाही. आता आपण दोघं बरोबरीचे. पत्र नत्थूजी खाप्याच्या बाजारात नेऊन पेटीत टाकतील. नत्थूजी म्हणजे सालईटोल्याचे गाईवाले. तंबाखू माझी खातात अन् मलेच नावं ठेवतात.

तर वनखात्यात काम लागलं आहे मले. हंगामी आहे, पाऊस पडेपर्यंत. जंगलात एक झिरा आहे, त्याची राखण. झिरा म्हणजे जमिनीतून आपोआप पाझरणारं पाणी, वं. विहीर नाही, मोटर नाही, कोणी बिल पाठवत नाही. आपल्या न्हाणीएवढा खळगा, एका अंगानं काळा खडक, वरून जांभळीची सावली. बाजूचा नाला कोरडाठण्ण झाला, तरी याचं पाणी तसंच. ओंजळभर काढलं की खालून तेवढंच वर येते, गुपचूप, कोणाले न सांगता. या सगळ्या डोंगराच्या जनावरांले उन्हाळ्यात एवढंच पाणी आहे.

मी पडलेला पाला काढतो, फासे लावले का ते पाहतो. अन् मुख्य म्हणजे पाण्याचा वास घेतो. चोरटे कधीकधी पाण्यात युरिया टाकतात, जनावर प्यालं की तिथंच पडते. म्हणून रोज सकाळी मी आधी हुंगतो, मग जिभेले लावून पाहतो. गार्ड मॅडम ओरडल्या, असं करायचं नसते, पट्टी बुडवून पाहायची असते. पट्ट्या दिल्या होत्या त्यांनी. वांदरानं...असो.

चितळं येतात, रोही, म्हणजे नीलगाय, येते, मोर तर जसे काही भाडं भरून राहतात. पण नत्थूजी रोज गाई नेताना दुरूनच विचारतात, "काहो धम्मानंद, पाहुणा आला का?" मी म्हणतो, नाही जी. मागच्या साली येत होता म्हणे. तो आला की झिऱ्याचं चीज झालं, असं इथं सगळे मानतात. पाहुणा कोण ते सांगतो तुले, पण आधी मोहाचं ऐक.

मोहाची फुलं पहाटेले गळतात, आत्या. टप, टप, जसं कोणी वरून मोजून टाकून राहिलं. जमीन पिवळी होते, अन् वास असा की भूक लागते अन् झोपही येते. एक दिवस मी खाली निजलो तर अस्वल माझ्या पायापाशी फुलं खाऊन राहिलं होतं. त्यानं मले पाहिलं, मी त्याले पाहिलं. दोघांनीही ओळख नाही दाखवली.

काय सांगत होतो? हो. पाहुण्याची वाट पाहून पाहून मान दुखते, वं. एवढं झाडून-पुसून ठेवावं अन् कोणी येऊच नये, ते कसं वाटते तुले नाही समजायचं. तुझ्याकडे विहारातल्या बाया असतात.

कधी आलीस तर खाप्याहून सालईटोल्याची गाडी पकड, शाळेपाशी उतर, पांदणीनं सरळ चाल, अन् जोडमोह दिसले की नाल्यानं वर. चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही.

तुझा
धम्मा


हिंगणा
२८ एप्रिल

पोरा धम्मा, जय भीम.

पोस्टमननं किती वेळ कडी वाजवली कोण जाणे. शेवटी शेजारच्या यमुताईनं खिडकीतून हात हलवला तेव्हा मी बाहेर गेली. पत्र दोनदा वाचलं. माफी त्या वांदराच्या पोटात गेली तर जाऊ दे, पचली म्हणायची. पण न सांगता गेलास तेव्हा मी ताट वाढून बसली होती, हे तुले माहीत असावं म्हणून लिहिते.

माझं बरं आहे. कंपनीतल्या पत्र्याच्या मशीननं कान नेले ते नेले, पण करमते. बाया रोज येतात. दारात चपला ठेवायले जागा नसते.

तू मात्र एकटा. पाहुण्याची वाट पाहून मान दुखते, असं लिहिलंस ना. झाडून-पुसून ठेवावं अन् कोणी येऊ नये. हे काहून समजणार नाही मले? समजते.

रविवारी विहारात मी तुझं पत्र चारुलताकडे वाचायले दिलं. मी तोंडं पाहूनच समजून घेते. वांदरापाशी सगळ्या हसल्या, पाहुण्यापाशी चूप झाल्या. मग चारुलताचे मालक आनंदराव उभे राहिले. ते नळयोजनेवर होते, आता घरीच असतात. ते काहीतरी बोलले अन् सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारुलतानं मले मग कागदावर लिहून दिलं, काय ठरलं ते. तुले आत्ता सांगत नाही.

बुद्धपौर्णिमेले झिऱ्यापाशीच राहा. कुठं भटकू नको. अन् अंघोळ कर.

तुझी
प्रेमिला आत्या


सालईटोला
१७ मे

आत्या,

तू आली नाहीस. आधी हेच लिहितो, नाहीतर दुसऱ्याच गोष्टीवर जाईन.

पौर्णिमेले जोडमोहाखाली विहारातल्यांची गाडी थांबली, अन् एकेक जण उतरायले लागला. बाया सगळ्या पांढऱ्या साड्यांत, मी त्यात तुझी चाल शोधत होतो. मग खिरीचं पातेलं उतरलं. काठावर तुझं नाव कोरलेलं, ते मी लहानपणापासून वाचतो. पातेलं आलं, तू नाही. चारुलताकाकू म्हणाल्या, "घरापुढे थांबलो होतो ना! बाहेरच नाही आली. यायचं नसन तिले." मी म्हणालो, असन. रागावली आहेस अजून? ताट वाढून बसली होतीस ते मले खरंच माहीत नव्हतं.

बरं, पण दिवस मस्त गेला. खोटं काहून बोलू? किती दिवसांनी माणसांचा गलका ऐकला. वंदना झाली, मी द्रोणावर द्रोण खीर खाल्ली. लेकरांले टेकडीवर वांदरं दाखवायले नेलं. एका पोट्टीनं विचारलं, "दादा, यातली आई कोणती?" तर ते शोधण्यातच दुपार गेली. खाली बाकीचे झिऱ्यापाशी बसले होते. कोणी कचरा नाही केला हं, एक कागद नाही टाकला. आनंदरावांनी तर काठचा पालाही वेचला.

निघताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "आता म्हणू नको, पाहुणे येत नाही!" मले समजेचना. गाडी गेल्यावर डोक्यात उजेड पडला अन् मी एकटाच हसत सुटलो. आत्या, पाहुणा म्हणजे वाघ, वं! इथं जंगलात त्याचं नाव नाही घेत कोणी. पाहुणा आला, पाहुणा गेला, असंच म्हणतात. मी सांगतो सांगतो म्हणत मोहावर गेलो अन् तिथंच राहिलो. अन् तू वाघाऐवजी अख्खं विहार पाठवलंस!

हसणं तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाण्याच्या काठानं पांढरी रेघ. दोन बेडकं पोट वर करून. वासही येत होता, ओळखीचा, पण कुठला ते आठवेना. युरिया. आणखी काय असणार? चोरटे येऊन गेले, अन् मी खीर खाऊन झोपलेलो.

धावत जाऊन मॅडमले आणलं. त्यांनी पाणी बाटलीत भरलं, तपासायले नागपूरले पाठवलं, काठाले काट्या लावायले सांगितल्या. काट्या आणायच्या आधीच एक चितळ आलं. भर उन्हात, बरगड्या दिसत होत्या. मी टाळ्या वाजवायले उठलो, पण गरज नाही पडली. त्यानं मान खाली घातली, वास घेतला, पाय आपटला अन् फिरलं. तहानेलं जनावर पाण्यापासून कोरडं परत गेलं. मले नाही पाहवलं, आत्या.

मॅडमनं विचारलं, कोण कोण आलं होतं? मी म्हणालो, ती माझी माणसं, त्यांच्याकडे बोट नका दाखवू. मग त्यांनी नत्थूजींकडे पाहिलं. मी मधे काही बोललो नाही. तेव्हापासून नत्थूजी गाई पलीकडून नेतात. आता कोणी विचारत नाही, पाहुणा आला का.

मॅडमचं म्हणणं असं, की पावसाआधी इथं पुन्हा मोठं जनावर पाणी प्यालं तर ठीक. नाहीतर हा झिरा गेला म्हणायचा. पुढच्या साली रस्त्याकडेले सिमेंटची टाकी बांधतील, टँकरनं भरतील. अन् टाकीले राखणदार लागत नाही.

हे पत्र मीच खाप्याले येऊन टाकून राहिलो.

धम्मा


हिंगणा
२३ मे

धम्मा,

तो युरिया नाही. आधी उठ अन् नत्थूजींच्या घरी जाऊन त्यांचे पाय धर. मग पुढचं वाच.

ती टीसीएल पावडर आहे. विहिरीत टाकतात ना पाणी शुद्ध करायले, तीच. तुले वास ओळखीचा वाटला, कारण लहानपणी आपल्या नळाले तोच वास यायचा. तू नाक धरून पाणी प्यायचास. पावडर आनंदरावांनी टाकली. तू टेकडीवर होतास तेव्हा. पोरगा हे असं उघड्यावरचं पाणी पिते म्हणून, तुझ्या काळजीनं. चिमूटभर पुरते. त्यांनी पिशवी झटकून रिकामी केली.

विहारात तेच सांगत होते, हसत, छातीवर हात ठेवून, अन् चारुलता मले लिहून देत होती. मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. चितळाच्या जागेवर आले अन् खालीच बसले. मग चारुलताजवळून कागद घेऊन मले लिहून दिलं, "जन्मभर पावडर टाकली प्रेमिलाताई, आजवर कोणी तक्रार नाही केली. मले फक्त पाणी दिसलं. पिणारं कोण, ते नाही दिसलं." मॅडमच्या नावानं त्यांनी चिठ्ठी दिली आहे, सोबत जोडते. त्यांच्यावर रागावू नको. रागावायचं तर माझ्यावर. पाठवलं मी.

आता माझं ऐक.

मी लिहिलं होतं, बाया रोज येतात. नाही येत. कोणाची चूक नाही त्यात. माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागते, अन् ओरडून कोणी सुखदुःख सांगत नाही. चपला माझ्याच असतात दारात. एक जोड आतल्या, एक बाहेरच्या.

पौर्णिमेले मी पहाटेच उठून खीर केली. पातेलं चारुलताचा पोरगा आधीच घेऊन गेला. मग मी पांढरी साडी नेसली, तुझ्यासाठी जवसाची चटणी बांधली अन् पिशवी मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली. गाडी आली असन. हॉर्न वाजला असन, हाकाही मारल्या असतील. कोणी खाली उतरून आत यायचं, खांद्याले हात लावायचा, एवढंच पाहिजे होतं. ऊन चढल्यावर बाहेर आली तर धुळीत चाकं वळल्याच्या खुणा होत्या. यमुताईनं हातानं सांगितलं, गेले की सगळे.

मी नाही रागावली. यायचं होतं मले.

अन् पाहुण्याचं म्हणशील, तर तो वाघ असन हे मले कसं सुचावं? माझ्या घरात तो शब्द माणसाचाच आहे. मले वाटलं, पोरगं माझ्यासारखंच दाराकडे पाहत बसते.

आत्या


सालईटोला
३ जून

आत्या,

तुझं पत्र वाचलं, मग भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

नत्थूजींकडे गेलो. पाय धरू दिले नाहीत. म्हणाले, "पाय सोड गा, तंबाखू काढ." पण गाई अजून पलीकडूनच नेतात. मॅडमनं आनंदरावांची चिठ्ठी वाचली, डोक्याले हात लावला. नागपूरहूनही तेच आलं, विष नाही, पावडर आहे. पाणी उपसून टाका म्हणाल्या.

उपसून राहिलो. बादलीनं काढायचं, दूर नेऊन ओतायचं, खालून नवं येईपर्यंत बसायचं, पुन्हा काढायचं. नवं पाणी येते तेव्हा खडकाच्या फटीतून बारीक वाळू नाचते, आत्या. ते पाहत बसलं की वेळ जाते. काठचे दगड एकेक घासले. आता वास नाही. मी जिभेले लावून पाहिलं, अन् मॅडम समोर होत्या तरी काही बोलल्या नाहीत. परवा स्वतः पट्टी बुडवली अन् काट्या काढायले लावल्या.

पण जनावरांले कोण सांगणार? मुंगूस येऊन गेलं. मोर येतात, त्यांले काय, ते कुठंही येतात. बाकी कोणी नाही. नवरंग पक्षी आला आहे, दोन सुरांत ओरडते, म्हणजे पाऊस जवळ. इतकी वर्षं मी पावसाची वाट पाहिली. यंदा पहिल्यांदा वाटून राहिलं, थांब बाप्पा, चार दिवस थांब.

माझ्या दोस्ताचं, साहिलचं, पत्र नाही, निरोप आला खाप्याच्या दुकानात. पुण्याले गोडाऊनमध्ये जागा आहे म्हणे. आयटीआय सोडलं, तुझ्या हिंगण्याची कंपनी सोडली, कुरिअर सोडलं. प्रत्येक वेळी मीच सोडलं. इथं वाटलं होतं, हे नाही सोडायचं. तर आता जागाच मले सोडून राहिली.

एक सांगतो, वाईट मानू नको. आता कोणाले पाठवू नको. तू पण येऊ नको. माणसाचा आवाज, माणसाचा वास, सगळं इथून निघून गेलं पाहिजे. पाऊस पडला की मीच येईन हिंगण्याले, पुण्याले जायच्या आधी. कडी नाही वाजवणार. आत येऊन खांद्याले हात लावीन.

धम्मा


झिऱ्यापाशी, काट्याकुट्यांच्या आडोशात
९ जून, सकाळ
(एकाच कागदावर, दोघांच्या हातचं)

आत्या: येऊ नको लिहिलंस. वाचलं. आली.

धम्मा: एकटी? खाप्याहून?

आत्या: तूच लिहिलं होतंस, चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. शाळेपाशी नत्थूजी भेटले. जोडमोहापर्यंत सोबत आले. रस्ताभर काहीतरी बोलून राहिले होते, मी मान हलवत होती. चटणी आणली आहे. तोंड काहून असं केलंस?

धम्मा: इथं माणूस नको म्हणून.

आत्या: आवाज नको म्हणालास ना? अख्ख्या नागपुरात चूप बसायची सवय माझ्याएवढी कोणाले आहे, सांग. साबण लावला नाही, तेल लावलं नाही. दोन दिवस अंघोळही नाही केली. तुले अंघोळ कर म्हणणारी मी.

धम्मा: हसवू नको. आवाज होते.

आत्या: मले काय माहीत, हसल्याचा आवाज किती होते ते.

धम्मा: आडोशाले फट एकच आहे. तू तिथून पाहा. मी पाठ करून बसतो अन् ऐकतो. मोठं जनावर निघालं की वांदर झाडावरून खाकरल्यासारखं ओरडते. तेवढ्यावरून समजते.

आत्या: पाणी किती साफ आहे रे. न्हाणीएवढा लिहिलंस, मले वाटलं फुशारकी मारून राहिला. वाळू नाचताना दिसते इथून.

धम्मा: हो. लिहू नको जास्त. पाहा.

आत्या: ती काळी चिमणी का? शेपटी हलवते ती?

धम्मा: पाठ आहे माझी. दयाळ असन. आत्या, ढग दिसतात का तुले फटीतून?

आत्या: दिसतात. काळे. पुण्याले जाशील?

धम्मा: माहीत नाही.

आत्या: मी काही म्हणत नाही. सांगून जा, एवढंच.

धम्मा: सांगून जाईन.

आत्या: काय ऐकू येते?

धम्मा: काहीच नाही. वांदरंही चूप. आज हवा पडली आहे. काही येत नाही, आत्या. चल, झोपडीत चहा मांडतो.

आत्या: बस. मी पौर्णिमेले अशीच उठून बाहेर आली होती, तेव्हा उशीर झाला होता. बस थोडं.

धम्मा: बरं.

धम्मा: पाण्याचा आवाज येऊन राहिला. लप्प लप्प. डुक्कर असन. दिसते का तुले?

धम्मा: आत्या, दिसते का? हात काहून धरलास? लिही ना.

आत्या: डुक्कर नाही. मान वळवू नको. पिऊन राहिला, वास नाही घेतला, सरळ तोंड लावलं. धम्मा, पाहुणा आला.